चाकावरचा संयम घरी का येत नाही?

नीरजा_गोदाकाठ
सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, इथे मातीत हात घालणारे बरेच जण आहेत हे ठाऊक आहे, म्हणून विचारते.

गेल्या पावसाळ्यापासून मी नाशकात एका पॉटरी स्टुडिओत जाते. सुरुवात विरंगुळा म्हणून झाली, आता सवयच लागली आहे. चाकावर बसले की मी खरोखर वेगळी बाई होते. गोळा मधोमध बसला, भिंती वर आल्या, वाडगा छान उघडला आणि ऐन वेळी काठ डगमगून सगळं खाली बसलं, तरी मला काही वाटत नाही. तारेने कापायचं, बादलीत टाकायचं, दुसरा गोळा घ्यायचा. शेजारच्या चाकावरची मुलगी म्हणते, "ताई, तुम्ही किती शांत आहात हो!"

त्याच दिवशी घरी येऊन पलंगावर ओला टॉवेल दिसला की माझा जो काही आवाज लागतो, तो खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

स्टुडिओच्या भिंतीवर लिहिलंय, 'माती घडवा, स्वतः घडा'. इन्स्टावर तर प्रत्येक वाकड्या कपाखाली कुणाचा ना कुणाचा आत्मशोध लागलेला असतो. तर बरीच वर्षं हे करणाऱ्यांना प्रश्न : चाकावर येणारा संयम स्टुडिओचा उंबरा कधी ओलांडतो का? ओलांडला असेल तर नेमका कुठे? 'वर्तमानात जगायला शिकले' हे उत्तर कृपया नको. उदाहरण द्या.

ढवळा_पवळा
पहिला नंबर!
मडक्याशी माझा संबंध दही लावण्यापुरता. पण टॉवेल प्रकरणात यजमानांना वकील लागणार असेल तर मी फुकट उभा राहतो.

सप्तपाताळ
स्पष्ट बोलतो, राग नसावा. दोन तासांचे दीड हजार मोजून आलेला संयम हा त्या दोन तासांचाच असणार. तिथे हात बरबटलेले, त्यामुळे फोन नाही. मागून कुणी हाका मारत नाही. वाडगा बिघडला तर घरात कुणी उपाशी राहत नाही. अशा ठिकाणी कुणीही शांत राहील, त्याला चिखल कशाला पाहिजे?

आमची आजी रोज वीसेक भाकऱ्या थापायची. एकसारख्या गोल, एकीचाही काठ फाटलेला नाही. तिचा व्यक्तिमत्त्व विकास झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. शेवटपर्यंत तोंडाने फटकळच होती.

निम्मं_लिंबू
सप्तपाताळ, आजी आवडल्या. +१

मृद्गंधा_सातारा
नीरजाताई, प्रश्न आवडला, कारण आमच्या धंद्यात तो कुणी विचारत नाही. (मी शाळेत शिकवते, आणि संध्याकाळी घराच्या मागे स्वतःचं चाक आणि छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे.)

आधी एक सांगते. संयम हा शब्दच मला इथे बरोबर वाटत नाही. चाकावर तुम्ही वाट पाहत नसता, उलट सतत काही ना काही ठरवत असता. पाणी अजून घेऊ का, हात काढू का, अजून एक ओढ घेतली तर भिंत टिकेल का. मी ज्यांच्याकडे शिकले ते पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत तयार झालेले. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केलेली जागा. आमच्या सरांनी सुरुवातीचे कितीतरी महिने एकही भांडं घरी नेऊ दिलं नाही. भांडं झालं की ते चाकावर असतानाच तारेने उभं मधोमध कापायचं, अर्धं बाजूला काढायचं आणि भिंतीचा छेद बघायचा.

तो छेद पहिल्यांदा पाहिला तो दिवस अजून लक्षात आहे. तळाशी कोपऱ्यात बोटभर माती अडकून पडलेली, त्याच्या वर भिंत जेमतेम तीन मिलिमीटर, आणि काठाला पुन्हा उगाच जाड. वरून बघताना जे भांडं सगळ्यात देखणं वाटायचं तेच बहुधा आतून जास्त लबाड निघायचं. सर बोट ठेवायचे, "माती इथे राहिली, ती तिथे पाहिजे होती." एवढंच. वाईट आहे, चांगलं आहे, काही नाही.

तुम्हाला उदाहरण हवंय ना? घ्या. मी मुलांचे निबंध तपासताना पहिल्या ओळीपासून लाल पेन चालवायचे. आता आधी अख्खा निबंध हात न लावता वाचते. मग माती कुठे अडकली आहे तेवढं एक ठिकाण दाखवते. मुलं सुधारतात की नाही ते निकालच सांगेल, पण माझ्याकडे निबंध दाखवायला आपणहून येतात, हे पूर्वी होत नव्हतं.

राग मात्र होता तेवढाच आहे. आमच्याकडेही टॉवेल ओलेच असतात.

ढवळा_पवळा
भांडं उभं कापून टाकायचं?! सर आहेत की कसाई?

नीरजा_गोदाकाठ
मृद्गंधा, हे आवडलं. म्हणजे काम जिथे साधारण तसंच आहे तिथे हात आपली सवय घेऊन जातो, स्वभावात नाही. बरोबर समजले का?

सप्तपाताळ, राग अजिबात नाही. आजी खरंच फटकळ होत्या की भाकऱ्या थापताना कुणी मध्ये बोललं की फटकळ व्हायच्या? माझी शंका दुसऱ्यावर आहे.

उत्सुनोमियाकर
जपानात तोचिगी प्रांतात राहतो, कंपनीच्या कामासाठी आलो तो इथलाच झालो. तासाभरावर माशिको गाव आहे. हामादा शोजी हा कुंभार १९२४ मध्ये इथे येऊन राहिला आणि साधी स्वयंपाकघरातली भांडी करणारं हे गाव जगाला माहीत झालं. मे महिन्याच्या सुट्ट्यांत आणि नोव्हेंबरात इथे भांड्यांचा बाजार भरतो, बायको मला खिशासकट घेऊन जाते.

मी पुण्यात थोडं शिकलो होतो, म्हणून ऐटीत इथल्या एका वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी गडबड. पुण्यातलं चाक घड्याळाच्या उलट फिरायचं, इथे घड्याळाप्रमाणे. जो हात आत असायचा तो बाहेर, जो बाहेर तो आत. जे येत होतं तेही गेलं.

आणि इथल्या म्हाताऱ्या शिक्षिका मन, शांती, ध्यान याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. आपल्याकडे जपानी माती म्हटलं की लगेच झेन काढतात. या बाई फक्त म्हणतात, "कोपर." कोपर मांडीला टेकव. पुढच्या आठवड्यात पुन्हा "कोपर". माती मळण्यातच तीन वर्षं जातात अशी इथे म्हण आहे आणि बाई ती गंमत म्हणून सांगत नाहीत. मळताना गोळ्यावर फुलाच्या पाकळ्यांसारख्या वळ्या पडतात, त्या नीट पडल्या की आतली हवा निघाली आणि माती सगळीकडे सारखी झाली. माझ्या वळ्या अजून पाकळ्यांसारख्या दिसत नाहीत.

२०११ च्या भूकंपात या गावातल्या कितीतरी भट्ट्या ढासळल्या, हामादाची उतारावरची जुनी भट्टीसुद्धा. बाईंचीही पडली होती. मी मोठ्या आस्थेने विचारलं, तेव्हा मनावर काय परिणाम झाला? त्या म्हणाल्या, विटा मोजल्या.

निम्मं_लिंबू
"विटा मोजल्या." बाई थोर आहेत.

डॉ_शिशिरऋतू
थोडा वैद्यकीय मसाला टाकतो, कारण प्रत्येक पॉटरी वर्कशॉपच्या जाहिरातीत हल्ली एक वाक्य असतं, 'संशोधनाने सिद्ध झालंय की मातीकामाने ताण कमी होतो'. ते वाक्य बहुतेक वेळा फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासावरून आलेलं असतं. ३९ प्रौढ माणसं, ४५ मिनिटं कलाकाम, आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं. आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही, ही त्यातली मजेशीर गोष्ट.

आता बारीक अक्षरातलं. साहित्यात माती होती, तशी मार्कर पेनं आणि कोलाजचे कागदही होते. नुसतं गप्प बसवलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. आणि कॉर्टिसॉल दिवस चढेल तसं आपोआपही उतरत असतं. म्हणजे अभ्यास वाईट नाही, पण त्यावरून 'स्वतः घडा' इथवर उडी मारता येत नाही. तो ४५ मिनिटांबद्दल बोलतो. टॉवेलबद्दल त्यात काही नाही.

सप्तपाताळ
डॉक्टर, धन्यवाद. मी हेच चार ओळींत म्हणालो होतो.

ढवळा_पवळा
उरलेल्या पंचवीस टक्क्यांचं का कमी झालं नाही ते मला ठाऊक आहे. त्यांचं सेंटरिंग (गोळा चाकाच्या मधोमध बसवणं) झालं नसणार.

गंगावेस
वाचत होतो, लिहू की नको करत होतो. आमचं घर कोल्हापुरातलं, कुंभाराचं. मी स्वतः सर्व्हेअर आहे, पण बारावीपर्यंत माती वाहिली आहे.

तुमच्या चर्चेत वावगं काही नाही, पण आमच्या घरात 'मातीने आपल्याला काय दिलं' हा प्रश्न कुणी कधी काढला नाही. प्रश्न असायचा माती कुठून आणायची. तळ्याची चिकट माती वेगळी, नुसती ती घेतली तर वाळताना तडकते, म्हणून त्यात राख, चाळलेली लीद, थोडी वाळू. आई आणि काकू पायाने तुडवायच्या. तुडवताना पायाला खडा लागला की वाकून तो काढून टाकायचा. एक खडा राहिला की त्या जागी मडकं आव्यात, म्हणजे भाजायच्या उघड्या भट्टीत, फुटतंच. वडील चाकावर मडक्याचा गळा आणि वरचा भाग करायचे, तळ तेव्हा जाडच ठेवायचा. जरा सुकलं की आत दगडी गोटा धरून बाहेरून थापटण्याने थापून पोट फुगवायचं. तो थाप-थाप आवाज दुपारभर चालायचा. त्या आवाजातच अभ्यास केलाय.

वर्षाची कामं ठरलेली. संक्रांतीची सुगडं, आखितीला करा-केळी, उन्हाळ्याचे माठ, बेंदराला मातीचे बैल, मग गणपती, घटस्थापनेचे घट, दिवाळीच्या पणत्या. कुणी गेलं की मडकं, त्याला मुहूर्त नाही, रात्री दोनला पण दार वाजायचं. बलुत्याचं धान्य आजोबांच्या काळात यायचं. वडिलांच्या काळात स्टील आलं, मग प्लास्टिक. गल्लीतले निम्मे वीटभट्टीत गेले, उरलेले गणपतीत.

आमच्याकडे म्हण आहे तशी कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच. तुम्ही लोक पैसे भरून त्या उकिरड्यावर येताय हे बघून गंमत वाटते, एवढंच. हलके घ्या.

सायली_आर
गंगावेस, माहिती उत्तम, पण शेवटचा टोमणा आवडला नाही. शहरातल्या बायकांनी छंद म्हणून चाकाला हात लावला तर त्यात हसण्यासारखं काय? माझ्या आयुष्यात 'ही गोष्ट माझी' असं म्हणता येईल अशी ती एकच जागा आहे. मुलगा नाही, सासर नाही, ऑफिस नाही. मी आणि एक किलो माती.

गंगावेस
सायलीताई, हसलो नाही हो. उलट एक गोष्ट सांगायची राहिली होती ती आता सांगतो. माझी आई माती तुडवायची, चाळायची, मडकी वाळत घालायची, बाजारात बसून विकायची. पण चाकाला ती कधी शिवली नाही. आमच्यात बायका चाकावर बसत नाहीत, बहुतेक ठिकाणी तशीच रीत आहे. लग्न होऊन आल्यापासून चाक तिच्या डोळ्यांसमोर फिरत होतं. वडील गेल्यावर ते चाक अंगणात पालथं पडलं होतं, त्यावर ती तुळशीची कुंडी ठेवते. मागच्या वर्षी माझ्या मुलीने शाळेच्या सुट्टीत कुठल्याशा वर्कशॉपला जाऊन एक वाकडा पेला करून आणला. आईने तो हातात घेऊन काठावरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुला बसू दिलं चाकावर?"

तर तुम्ही खुशाल बसा.

सायली_आर
काय बोलू आता. आजींना साष्टांग नमस्कार.

डिचोलीकार
गोव्यातून नमस्कार. आमच्या डिचोलीत अजून कुंभारकाम चालतं, चवथीच्या आधी या. आणि मणिपूरच्या लोंगपी गावाबद्दल वाचा, तिथे चाकच नाही. दगडाची पूड आणि माती मिसळून काळी भांडी नुसत्या हाताने करतात. चाक म्हणजेच सगळं नाही हे सांगायला लिहिलं.

काळी_चहावाली
धागा वाचून मलाही घरी सुरू करावंसं वाटतंय. फ्लॅटमध्ये चाक ठेवता येईल का? बाल्कनी मोठी आहे. काय काळजी घ्यावी?

मृद्गंधा_सातारा
चाक ठेवता येईल. टेबलावरची छोटी मिळतात, आवाजही फार नसतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा, यातून विकास वगैरे काही व्हायच्या आधी नुकसान होऊ शकतं.

एक, सुकलेली माती झाडूने झाडायची नाही. तिची धूळ अतिशय बारीक असते, तीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. ओल्या स्पंजने पुसायचं, ओल्या फडक्यानेच लादी काढायची. स्टुडिओत कुणी झाडू मारताना दिसलं तर खुशाल बाहेर येऊन उभं राहा.

दोन, हात आणि भांडी सिंकमध्ये धुवायची नाहीत. दोन बादल्या ठेवा. पहिल्या बादलीत माती तळाशी बसते, वरचं पाणी झाडांना. खालचा गाळ वाळवून पुन्हा माती म्हणून वापरता येतो.

आणि हो, अर्धवट ओलं बिघडलेलं भांडं लगेच पाण्यात टाकू नका. कडक वाळू द्या, मग टाका. कोरडं मडकं पाण्यात सुरसुर करत काही मिनिटांत विरघळतं, ओलसर मात्र दिवसभर ढिम्म बसून राहतं. हे नव्या लोकांना कितीही सांगितलं तरी पटत नाही.

अण्णा_पेणकर
सिंकबद्दल अनुमोदन. आमच्या सोसायटीत एका हौशी कुटुंबाने शाडूचे गणपती केले, हात धुतले बाथरूममध्ये. खालच्या तीन मजल्यांचा पाईप तुंबला. प्लंबरने पाईप कापला तर आत आणखी एक मूर्ती तयार होत होती.

दम_बिर्याणी
मला एक कळत नाही. भाजण्याआधी माती पुन्हा विरघळते आणि भाजल्यावर नाही, तर ते नेमकं कधी बदलतं?

मृद्गंधा_सातारा
साधारण साडेचारशे ते सहाशे अंश सेल्सियसच्या दरम्यान. वाळवून उडतं ते मोकळं पाणी. पण मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणीही असतं, ते या टप्प्यात निघून जातं आणि मग ती माती परत चिखल होत नाही. त्याच सुमाराला, ५७३ अंशांना, क्वार्ट्‌झचे स्फटिक एकदम थोडे फुगतात. थंड होताना त्याच अंशांना आकसतात. म्हणून तिथे भट्टी हळू न्यायची, चढताना आणि उतरताना दोन्हीकडे. घाईने झाकण उघडलं की 'टण्ण' असा आवाज येतो. तो आवाज ऐकून माझ्या तोंडून जे शब्द निघतात ते शाळेत कळले तर नोकरी जाईल.

नीरजा_गोदाकाठ
बघा! म्हणजे चाकावर शांत राहणाऱ्या बाई भट्टीपाशी शांत राहत नाहीत. मग आपल्या शांतपणाचा संबंध मातीशी नाहीच, कशाशी तरी वेगळ्याच गोष्टीशी आहे.

चतुर_चकोर
तेरच्या गोरोबाकाकांना विचारा की. थापटण्याने डोक्यावर एक टोला, कोण कच्चं कोण पक्कं लगेच कळतं. नामदेवांनाही सोडलं नाही. स्टुडिओच्या फीमध्ये हा टोला समाविष्ट असावा अशी सूचना.

ढवळा_पवळा
आणि प्रमाणपत्रावर शिक्का, 'कच्चं मडकं, पुन्हा प्रवेश घ्यावा'.

चतुर_चकोर
अजून कुणी फुटलेल्या कपाला सोन्याने सांधणारी जपानी कला आणली नाही, याचं आश्चर्य वाटतंय. साधारण दहाव्या प्रतिसादाला ती येते.

उत्सुनोमियाकर
आणणार नाही. आमच्या बाईंकडे फुटलेले कप मागच्या अंगणात वाटेवर टाकतात, पावसात पाय घसरत नाही.

पिवळी_छत्री
मी वाचनमात्र असते, पण आज लिहिते. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. फिजिओथेरपिस्टने बोटांना व्यायाम म्हणून मळायला रबरी लगदा दिला होता, तो ते बघायचेही नाहीत. म्हणायचे, "हे पोरांचं काम." गणपतीचे दिवस होते, घरात शाडू पडला होता. तो त्यांनी आपणहून ओढून घेतला आणि पणत्या करायला लागले. चिमटीत चोच धरणं हेच त्यांना जमत नव्हतं, सगळ्या पणत्या चपट्या. दिवाळीपर्यंत चोच आली. फार मोठी चोच नाही, पण वात टिकण्याइतकी. रबरी लगद्यात नि शाडूत हाताला काय फरक पडतो ते डॉक्टर सांगतील. मला एवढं दिसलं की एकातून काही तयार होत होतं आणि दुसऱ्यातून होत नव्हतं.

वडील पूर्वी कसे होते तसेच नंतरही होते. हट्टी. यात विकास वगैरे मी शोधला नाही.

डॉ_शिशिरऋतू
पिवळी_छत्री, फरक तुम्हीच लिहिलात. हेतू असलेली हालचाल रुग्ण जास्त वेळा करतो, आणि बोटांसाठी किती वेळा केली हे सगळ्यात महत्त्वाचं. शाडू भाजलेला नसतो, पणतीत तेल शोषलं जाईल, तेवढं बघा.

पिवळी_छत्री
शोषलं ना. चादरीवर डाग आहे अजून.

सप्तपाताळ
हा धागा मी ज्या कारणासाठी खोडायला आलो होतो ते कारण हळूहळू पातळ होत चाललंय. तरी मूळ प्रश्नाला उत्तर अजून नाहीच. गंगावेस, तुमचे वडील आयुष्यभर चाकावर होते. ते घरी कसे होते? वैयक्तिक वाटलं तर सोडून द्या.

गंगावेस
सोडण्यासारखं काही नाही. वडील तापट होते. जेवणात मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. मला गणितात मार्क कमी पडले तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते. म्हणजे नीरजाताई, संयम चाकावरून घरात आपोआप उतरत असता तर आमच्या घरात तो सांडून वाहिला असता.

पण एका बाबतीत त्यांना कधी चिडलेलं बघितलं नाही, ते म्हणजे मडकं फुटणं. आवा लावायचा म्हणजे खाली शेणी, मग मडकी, मध्ये पाचट, वरून चगाळ आणि राख-मातीचा लेप. एकदा पेटवला की आत हात घालता येत नाही. वळवाचा पाऊस आला तर संपलंच. सकाळी उकरायचा तेव्हा आम्ही पोरं श्वास धरून असायचो. वडील एकेक मडकं काढून बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजलं ते उजवीकडे, बद्द वाजलं ते डावीकडे. चेहरा दोन्हीला तोच. एकदा बाजारात गिऱ्हाइकाच्या पोराने धक्का देऊन तीन माठ फोडले. बाई घाबरून पैसे काढायला लागली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, धरल्यालं हाय."

'धरलेलं आहे' म्हणजे हिशेबात धरलेलं आहे. शंभर लावली की दहा-पंधरा जाणार हे पहिल्यापासून धरूनच ते दर ठरवायचे. फुटलं ते नुकसान नव्हतं, ते आधीच खर्ची पडलेलं होतं. जेवणातलं मीठ आणि माझे मार्क त्यांनी कधी धरलेले नव्हते. म्हणून तिथे भडकायचे.

तुमच्या स्टुडिओतही मला तेच दिसतं. फी भरतानाच तुम्ही वाडगा बसणार हे धरलेलं असतं.

मृद्गंधा_सातारा
गंगावेस, आणि भट्टीच्या 'टण्ण'ला मी का ओरडते तेही कळलं. चाकावरचं धरलेलं असतं. भट्टीत जाईपर्यंत मी ते भांडं मनातल्या मनात कुणाला तरी देऊन मोकळी झालेली असते.

नीरजा_गोदाकाठ
हेच शोधत होते. गंगावेस, मनापासून आभार. मी टॉवेल कधी धरलाच नव्हता.

फक्त एक शंका राहते. सगळंच धरून चालायला लागलं तर माणूस शांत होईल की बेफिकीर? तुमच्या वडिलांनी पोराचे मार्क 'धरले' असते तर ते चांगलं झालं असतं का?

गंगावेस
नाही. मी सर्व्हेअर झालो नसतो.

सप्तपाताळ
हे बेस्ट. माझी आजी भाकऱ्यांत पहिली भाकरी कायम गाईची म्हणून बाजूला काढायची. तवा तापलेला नसायचा, ती बिघडायचीच. आता लक्षात येतंय की तीही धरलेली होती. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

ढवळा_पवळा
हेमाशेपो म्हणणारा परत येतोच, तेही आम्ही धरलेलं आहे.

काळी_चहावाली
अवांतर : गंगावेस यांनी माती मुरवताना लीद लिहिली आहे. ती घोड्याची की गाढवाची? बाल्कनीत प्रयोग करायचा विचार आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

गंगावेस
दोन्ही चालतात. कडक वाळवा, कुटा, मैद्याच्या चाळणीने चाळा (ती चाळणी परत स्वयंपाकघरात नेऊ नका). पण ती उघड्या आव्यात भाजायच्या मडक्यांसाठी. इलेक्ट्रिक भट्टीत घातली तर सोसायटीची मीटिंग बोलावतील.

अण्णा_पेणकर
वरातीला घोडे पुरवणाऱ्यांकडे विचारा. लगीनसराईत पोतं भरून फुकट देतात, वर चहा पाजतात.